टेलिंग्जवर मुळं रुजवताना: प्रकल्प नोंदी

9 जानेवारी 2023

टेलिंग्जचे नमुने आज आले. शिसे-जस्ताचं सल्फाइड खनिज दळून त्यातून धातू काढून घेतला की जो बारीक दगड उरतो, तो हा. वरच्या थरातला नमुना पिवळट तपकिरी, खपली धरलेला. फूटभर खालचा करडा आणि पिठासारखा मऊ. सेंद्रिय कर्ब नावालाही नाही, नत्र नाही, मातीला असते तशी कणांची बांधणी नाही. पाणी घातलं की चिखल होतो, वाळला की टणक होतो. दोन्हींच्या मधली, मुळांना हवीशी वाफसा-स्थिती त्याला येतच नाही.

वरच्या थराचा सामू (pH) 3.2 आणि खालच्याचा 6.9. अख्खा प्रश्न या दोन आकड्यांमध्ये आहे. खालच्या थरातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, अजून हवा लागलेली नाही. हवा आणि पाणी मिळालं की त्यातल्या गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं. सामू घसरला की ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जीवाणू लोहाचं ऑक्सिडेशन कित्येक पटींनी वाढवतात आणि आम्ल आणखी आम्ल तयार करत जातं. जस्त आणि कॅडमियम त्यात सहज विरघळतात, शिसे जरा धिम्या गतीनं. वारा सुटला की वरची धूळ उडते, पाऊस पडला की उरलेलं ओढ्याला लागतं.

कामाचा हेतू पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. झाडांकडून धातू शोषून घेऊन जमीन स्वच्छ करायची नाही. एवढ्या धातूसाठी ते काम पिढ्यान् पिढ्या चालेल, आणि धातूनं भरलेला पाला हा नवाच कचरा होईल. आम्हाला धातू जिथे आहे तिथेच बसवायचा आहे. वर झाडोरा, खाली मुळांचं जाळं, आणि निचऱ्याच्या पाण्यात शक्य तितकं कमी. त्यामुळे यशाची मोजणी पानांच्या हिरवेपणावर होणार नाही. ती निचऱ्याच्या पाण्यावर आणि पानांतल्या धातूवर होईल.

17 जानेवारी

आम्लाचा हिशेब झाला. नियम जुना आणि सोपा आहे: पायराइटच्या रूपातलं 1 टक्का गंधक असेल, तर दर टन मालाला 31.25 किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं. आमच्या मालात 2.4 टक्के निघालं, म्हणजे टनाला 75 किलो. वरचा 20 सेंटिमीटरचा थर धरला तर हेक्टरी साधारण 3000 टन माल होतो. त्याला 225 टन चुनखडी.

आकडा ऐकून गटातल्या नव्या मुलांना वाटलं, गुणाकार चुकला. चुकलेला नाही. अमेरिकेत कोलोराडोमधल्या लेडव्हिलजवळ, आर्कान्सा नदीच्या काठी साचलेल्या टेलिंग्जवर 1990च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झालं. तिथे एकरी 100 टन चुनखडी आणि तितकेच बायोसॉलिड्स, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेतला स्थिर केलेला गाळ, मिसळले होते. हेक्टरी धरलं तर आमच्याच आकड्याच्या आसपास.

टाकाऊ मालाची गरज इथेच पडते. एवढी चुनखडी आणायची तर एका खाणीचं दुखणं बरं करायला दुसरी खाण खोदावी लागेल, आणि ते मनाला पटत नाही. दुसरीकडे कारखान्यांच्या आवारात कॅल्शियम, सेंद्रिय पदार्थ आणि लोहाचे ढीग पडून आहेत. फक्त त्यांच्याही पोटात काय आहे, ते आधी पाहावं लागेल.

2 फेब्रुवारी

आठवडाभर एकेका मालाची झडती घेतली. ही नोंद लांबणार, पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

साखर कारखान्यातला कार्बोनेशनचा गाळ: रस शुद्ध करताना चुना आणि कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यातून खाली बसलेलं कॅल्शियम कार्बोनेट. अतिशय बारीक, सोबत थोडा सेंद्रिय पदार्थ आणि स्फुरद. बारीकपणा हा त्याचा मोठा गुण. चुनखडीचे जाड खडे आम्लात पडले की त्यांच्यावर लोहाचं कवच चढतं आणि आतला चुना वाया जातो. स्पेनमध्ये 25 एप्रिल 1998 रोजी अझ्नाल्कोयार खाणीच्या टेलिंग्जचा बांध फुटला आणि ग्वादियामार नदीचं खोरं गाळानं माखलं. त्यानंतर जमीन सुधारताना साखर-बीटचा असाच चुना वापरला गेला. आमच्या यादीत हा पहिला.

फ्लाय ॲश: कोळशाच्या राखेला लोक सरसकट 'अल्कधर्मी' म्हणतात, ते खरं नाही. कॅल्शियम भरपूर असलेली राख आम्ल मारते. कमी कॅल्शियमची राख त्या कामाची नसते, पण कण गाळाच्या आकाराचे असल्यानं पाणी धरून ठेवते. आमची दुसऱ्या जातीतली निघाली. ताज्या राखेत क्षार आणि बोरॉन जास्त असतात. तळ्यात वर्षानुवर्षं भिजलेल्या राखेतले बरेचसे धुऊन गेलेले असतात. दोन्ही मागवल्या.

पोलादाच्या भट्टीतला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरणारी मळी: मोकळा चुना आणि मॅग्नेशियम ऑक्साइड असल्यानं पाण्यात सामू 11-12 पर्यंत जातो. सावकाश काम करतो, ते आमच्या पथ्यावर पडेल. पण व्हॅनेडियम आणि क्रोमियम तपासल्याशिवाय घ्यायचा नाही. बारीक भुकटी ओली होऊन वाळली की सिमेंटच्या जवळ जाते, हेही लक्षात ठेवायचं.

कागद कारखान्याचा गाळ: लाकडाचे तंतू, केओलिन ही पांढरी चिकणमाती आणि कागदात भरणी म्हणून घालतात ते कॅल्शियम कार्बोनेट. माल हलका आणि भुसभुशीत, हाताला चांगला लागतो. पण कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्याही पुढे. एकटा वापरला तर जीवाणू आहे तेवढं नत्र स्वतःच खाऊन टाकतील.

बायोसॉलिड्स: नत्र आणि स्फुरद यांच्याकडूनच येणार. त्यांच्या स्वतःच्या धातूंचा आणि रोगजंतूंचा अहवाल हातात आल्यावरच गाडी आत घ्यायची.

बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल गाळ मी यादीतून काढला. त्यातल्या लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना धातू चांगले चिकटतात, ते मान्य. पण तो तीव्र अल्कधर्मी आहे आणि त्यात सोडियमचा भार मोठा. हंगेरीत आयका इथे 4 ऑक्टोबर 2010 रोजी साठवण तलाव फुटला, तेव्हा त्या अल्कधर्मी गाळानं माणसं भाजली आणि मेलीही. जिप्सम घालून त्याचा सामू खाली आणता येतो, सोडियमही धुता येतं. पण एका त्रासदायक मालाला आधी सुधारून मग दुसऱ्याला सुधारायचं, एवढी उसंत या प्रकल्पात नाही.

20 फेब्रुवारी

कुंड्या भरल्या. प्रत्येकीच्या बुडाला नळी, नळीखाली बाटली. कुंड्यांपेक्षा बाटल्यांना जागा जास्त लागतेय, अशी तक्रार आली. बाटल्या राहतील. मिश्रणं ओलावून मुरायला ठेवली. ताज्या मिश्रणात लगेच बी टाकलं तर अमोनिया आणि क्षारांमुळे उगवण मार खाते.

8 मार्च

मुरल्यानंतरचं सामू-मापन. साखर कारखान्याच्या गाळाच्या कुंड्या 7च्या आसपास येऊन थांबल्या, हवं होतं तेच. नुसत्या स्लॅगच्या कुंड्या 9च्या वर. त्यांच्या पृष्ठावर पांढरा कडक थर आलाय, सळई टोचली तर खट्‌ आवाज येतो. बारीक स्लॅग मिश्रणातून बाद. जाड खडे मात्र ठेवायला सांगितले, त्यांचा उपयोग वेगळ्या कामाला होईल असं वाटतं.

एनएजी (नेट ॲसिड जनरेशन), म्हणजे माल एकूण किती आम्ल करेल याची चाचणीही केली. नमुन्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सगळं सल्फाइड एकदम ऑक्सिडाइज करायचं आणि शेवटचा सामू पाहायचा. 4.5 च्या खाली गेला तर माल पुढे आम्ल करणार असं धरतात. कच्च्या टेलिंग्जचं मिश्रण चहाच्या आधणासारखं उसळलं आणि सामू 2.4 वर आला. पूर्ण मात्रा घातलेली मिश्रणं 4.5 च्या वर राहिली. निम्म्या मात्रेची मात्र आजच्या मापनात 6.5 दाखवतायत आणि पेरॉक्साइडनंतर खाली घसरतायत. म्हणजे ती आज चांगली दिसतील, रोपंही देतील, आणि काही वर्षांनी उलटतील. चुन्यात काटकसर करायची सूचना अधूनमधून येते, तिच्यासाठी हे मापन जपून ठेवतोय.

27 मार्च

हरळीचे ठोंब, वाळा आणि धैंचा, तिन्ही लागले. कच्च्या टेलिंग्जमध्ये धैंचाचं मूळ बियाबाहेर आलं, टोक तपकिरी पडलं आणि तिथेच थांबलं. एवढ्या आम्लात विरघळलेलं ॲल्युमिनियम आणि जस्त मुळाच्या टोकावर पहिला घाव घालतात. वरचं रोप नंतर मरतं.

कागद-गाळाच्या कुंड्यांमध्ये उगवण सगळ्यात सुंदर झाली आणि दोन पानांनंतर सगळं पिवळं पडलं. नत्राची उपासमार. त्याच गाळात बायोसॉलिड्स मिसळलेल्या कुंड्या गर्द हिरव्या. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढला. नव्या माणसाला कर्ब-नत्र गुणोत्तर समजवायला तो पुरे.

ताज्या राखेच्या कुंड्यांत धैंचाच्या जुन्या पानांच्या कडा करपल्यात. कोवळी पानं ठीक, करपणं टोकाकडून आणि कडेनं आत येतंय. ही बोरॉनची खूण. तळ्यातल्या जुन्या राखेत तसं काही नाही. ताजी राख बंद.

15 एप्रिल

बाटल्यांचे अहवाल आले. गेले दोन दिवस मी त्यांच्यावरच आहे.

जस्त आणि कॅडमियम सगळ्या चुनावलेल्या कुंड्यांत एकदम खाली. शिसेही खाली, बायोसॉलिड्समधल्या स्फुरदाशी त्याची जोडी जमली तर पायरोमॉर्फाइट हे जवळपास न विरघळणारं खनिज होतं, म्हणून तिथे आणखी कमी. इथवर सगळं मनासारखं.

पण ज्या कुंड्या सगळ्यात हिरव्या, म्हणजे बायोसॉलिड्स भरपूर असलेल्या, त्यांच्याच पाण्यात आर्सेनिक वाढलंय. कच्च्या टेलिंग्जच्या पाण्यापेक्षाही जास्त. या खनिजासोबत थोडं आर्सेनोपायराइट, म्हणजे आर्सेनिक असलेलं लोह-गंधकाचं खनिज, आहे. त्यातून सुटलेलं आर्सेनिक बहुतेक लोहाच्या ऑक्साइडला चिकटून बसलेलं असतं. फॉस्फेट (स्फुरदाचं रूप) आणि आर्सेनेट (आर्सेनिकचं रूप) यांची घडण इतकी सारखी की दोघांना तीच जागा लागते. आम्ही वरून भरपूर स्फुरद ओतलं आणि आर्सेनेटला उठावं लागलं. सामू वाढल्यानं त्याची पकड आधीच सैल झाली होती. जस्त ज्या दिशेनं बसतं, आर्सेनिक त्याच दिशेनं उठतं.

नुसती पानं पाहिली असती तर हेच मिश्रण पहिल्या क्रमांकावर आलं असतं आणि जमिनीवर गेलं असतं. म्हणून बाटल्या.

उपाय दोन. बायोसॉलिड्सची मात्रा उतरवायची आणि कर्बाची बाजू कागद-गाळानं सांभाळायची. दुसरं, लोह घालायचं. पोर्तुगालमधल्या जालेस इथल्या आर्सेनिकयुक्त खाण-कचऱ्यावर बेरिंगाइट आणि लोहाचे बारीक छर्रे मिसळून पाहिले गेले आहेत. बेरिंगाइट हासुद्धा टाकाऊ मालच: बेल्जियममधल्या बेरिंगन इथे कोळसा खाणीचा टाकाऊ शेल जाळून उरलेला. लोमेलच्या जुन्या जस्त कारखान्याच्या ओसाड जागेवर 1990 साली तो कंपोस्टबरोबर मिसळून गवत पेरलं, आणि दशकभरानंतरच्या तपासणीतही ते टिकून होतं. आमच्याकडे बेरिंगाइट नाही, पण पाणी शुद्धीकरण केंद्रात लोहाचे क्षार वापरल्यावर उरणारा गाळ मिळू शकतो. लोहाचे ऑक्साइड त्यात आयते आहेत. तो स्फुरदही धरून ठेवेल, त्यामुळे रोपं थोडी खुंटतील. ते मी पत्करतो.

12 मे

लोहयुक्त गाळाच्या कुंड्यांतलं आर्सेनिक उतरलं. रोपं अपेक्षेप्रमाणे थोडी ठेंगणी, रंग मात्र ठीक. जमिनीवर न्यायचं मिश्रण ठरलं: साखर कारखान्याचा गाळ पूर्ण मात्रेत, कागद-गाळ, कमी बायोसॉलिड्स, लोहयुक्त गाळ, आणि जुनी राख थोडीच.

3 जून

वाफ्यांची तयारी. पोकलेनवाल्या दादांना खालचा करडा थर उकरून वर आणू नका असं दोनदा सांगितलं. तो वर आला की नवं पायराइट हवेला लागलं.

जाड स्लॅगचा उपयोग आता. कोरड्या दिवसांत खालचं आम्लधर्मी पाणी बारीक कणांमधून केशाकर्षणानं वर चढतं, पृष्ठावर सुकतं आणि पिवळ्या-पांढऱ्या क्षारांची खपली सोडतं. चांगल्या मिश्रणाची माती या वाटेनं खालून बिघडते. म्हणून अर्ध्या वाफ्यांत मिश्रणाखाली जाड खड्यांचा थर दिला. खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही. उरलेले अर्धे वाफे तुलनेसाठी तसेच ठेवले. खडे धुऊन, भुकटी चाळून, व्हॅनेडियम-क्रोमियमचा अहवाल पाहूनच पसरले.

2 जुलै

पहिल्या जोरदार पावसात उताराच्या कडेला घळी पडल्या. जिथे वाळक्या गवताचं आच्छादन होतं तिथे बी जागेवर राहिलं, नव्हतं तिथे वाहून गेलं. सगळीकडे आच्छादन टाकून वाळ्याच्या ओळी उताराला आडव्या लावल्या.

19 ऑगस्ट

मुळं पाहण्यासाठी वाफ्यात उभा छेद घेतला. वाळ्याची पांढरी मुळी मिश्रणाच्या पूर्ण जाडीत भरलीय. खडे नसलेल्या वाफ्यात ती कच्च्या टेलिंग्जच्या सीमेवर येते, टोक जाड आणि बोथट होतं, आणि काटकोनात वळून आडवी पसरते. एक-दोन मुळं जुन्या भेगेतून खाली गेलीयत, तिथे चुना झिरपलेला आहे.

धैंचा उपटून मुळावरच्या गाठी मोजल्या, मग नखानं कापल्या. आतून गुलाबी. लेगहीमोग्लोबिनचा रंग, म्हणजे गाठी काम करतायत आणि हवेतलं नत्र बांधलं जातंय. गुलाबी गाठ दिसल्यावर तिथल्या सगळ्यांनी आपापली एकेक कापून पाहिली. बाहेरून आणलेल्या नत्रावर हा झाडोरा कायमचा जगवता येणार नाही. नत्राचं चक्र इथेच फिरायला हवं, आणि त्याची सुरुवात या गाठींत आहे. कडेच्या वाफ्यातल्या काही गाठी आतून हिरवट-करड्या निघाल्या, तिथला सामू पुन्हा घ्यायचा.

11 नोव्हेंबर

पानांचे अहवाल. हरळी आणि वाळा यांच्या मुळांत जस्त-शिसे भरपूर आणि पानांत कमी, म्हणजे हवी तीच वाटणी. कडेला आपोआप उगवलेल्या एका रुंद पानाच्या तणात जस्त बरंच चढलंय. ते फुलायच्या आत काढायचं, आणि काढलेलं कंपोस्टात टाकायचं नाही.

हरळीचे ठोंब आम्ही मुद्दाम जुन्या ढिगाच्या कडेवरूनच घेतले होते. ब्रिटनमध्ये अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जुन्या धातूखाणींच्या कचऱ्यावर वाढणाऱ्या गवतांमध्ये निवडीतून धातू सोसण्याची ताकद थोड्याच पिढ्यांत येते, आणि काही मीटरवरच्या कुरणातल्या त्याच जातीच्या गवतात ती नसते. त्या कामातून 'मर्लिन', 'गोगिनान' आणि 'पॅरिस' (Parys) ही गवताची वाणं तयार झाली, एकेक वेगळ्या धातूच्या आणि सामूच्या जमिनीसाठी. आमच्या वाफ्यांतही फरक दिसतो: रोपवाटिकेतली हरळी मिश्रणात वाढते आणि सीमेवर थांबते, ढिगावरची सीमा ओलांडून फुटवे टाकते.

कुंपण पक्कं करायला सांगितलं. आत हिरवं दिसायला लागल्यापासून जनावरं येऊ लागलीयत. पानांत धातू कमी असला तरी चरताना माती पोटात जाते, आणि शिशाचा खरा धोका मातीतून आहे.

6 फेब्रुवारी 2024

कोरड्या दिवसांनी वाफ्यांचा निकाल लावला. जाड खड्यांचा थर नसलेल्या वाफ्यांत पिवळी खपली परत दिसतेय, वरच्या पाच सेंटिमीटरचा सामू उतरलाय आणि हरळीत ठिकठिकाणी टक्कल पडलंय. थर असलेले वाफे टिकलेत. निचऱ्याच्या पाण्यात आर्सेनिक खालीच आहे; व्हॅनेडियमची प्रत्येक फेरीला तपासणी चालू ठेवायची, कारण स्लॅग अजून कित्येक वर्षं पाण्याशी बोलत राहणार.

पुढच्या टप्प्याचा आराखडा दिला. खड्यांच्या थराशिवाय एकही नवा वाफा नाही. चुन्याची मात्रा एनएजीवर ठरेल, सामूवर नाही. आणि मालाच्या प्रत्येक नव्या खेपेचं विश्लेषण उतरवण्याआधी: कागद कारखान्यानं भरणी बदलली, वीज केंद्रानं कोळसा बदलला, तर नाव तेच राहतं आणि माल वेगळा येतो. गेल्या आठवड्यात आलेली राख सामू आणि बोरॉन दोन्हींत पहिल्या खेपेशी जुळली नाही, म्हणून गाडी परत पाठवली. पुरवठादार नाराज आहेत. नवा नमुना सोमवारी येतोय, अहवाल आल्यावर पूर्वेकडच्या उतारावर आखणी सुरू करायची.